घाटात इंजिन खडखडतं, प्रीमियम पेट्रोल टाकलं की थांबतं: दर उन्हाळ्यात परतणाऱ्या तक्रारीचा माग

आधी लक्षण नीट सांगतो. ज्यांच्या गाडीत हे होतं, त्यांना ते लगेच ओळखू येईल.

गाडी २०१४ची. १.२ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, टर्बो नाही. एप्रिल-मेमध्ये पुण्याहून कराडला सासरी जाताना खंबाटकीचा चढ लागतो. पुढे सिमेंटचा ट्रेलर रांगत असतो, एसी चालू असतो, गाडीत चार माणसं आणि डिकीत सामान. ट्रेलर ओलांडायला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून बारीक, कोरडी खडखड सुरू व्हायची. पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवल्यासारखी. पाय उचलला की गप्प. येताना बोगद्यातून यायचं, चढ सौम्य, तेव्हा काही नाही. थंडीत काही नाही. पावसाळ्यात काही नाही. पुण्यात रोज ऑफिसला जाता-येताना काही नाही. त्यामुळे गॅरेजमध्ये नेली की आवाज कधीच ऐकवता यायचा नाही.

मे २०२२मध्ये हे पहिल्यांदा झालं. पंपावरच्या मुलाने सुचवलं म्हणून परतीच्या वेळी प्रीमियम, म्हणजे जास्त ऑक्टेनचं महागडं पेट्रोल, टाकलं. पुढच्या खेपेलाही तेच टाकलं आणि आवाज गेला. नंतर साधं टाकलं, आवाज परत आला. पुन्हा प्रीमियम, पुन्हा शांत. एवढा सरळ पुरावा हातात असताना कोण शंका घेईल? दोन वर्षं मी प्रीमियमच भरत राहिलो आणि ओळखीच्या पाच-सहा जणांना तोच सल्ला दिला. तो सल्ला अर्धवट होता. त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांनी पुढचं सगळं वाचावं ही विनंती.

घाईत असलेल्यांसाठी उत्तर आधीच देतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ९५ किंवा त्याहून जास्त ऑक्टेन लागतं असं लिहिलेलं असेल तर तेच टाका, त्यात काटकसर करू नका. तिथे ९१ लिहिलेलं असेल आणि गाडी ठणठणीत असेल तर जास्तीचे पैसे वाया जातात. आणि तिथे ९१ लिहिलेलं असूनही प्रीमियम टाकल्यावर फरक स्पष्ट जाणवत असेल, तर गाडीत काहीतरी बिघडलंय. प्रीमियम तो बिघाड झाकतंय. माझ्या बाबतीत नेमकं हेच होतं.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

पंपावर मोठा आकडा दिसला की पेट्रोल 'जोरदार' आहे असं वाटतं. ऑक्टेनचा आकडा ताकद सांगत नाही. पेट्रोल उष्णता आणि दाब किती सोसतं, ठिणगी पडायच्या आधी किंवा ठिणगीची ज्वाला पोचायच्या आधी आपणहून पेटायचं किती टाळतं, एवढंच तो सांगतो. मोजपट्टी १९२६च्या सुमाराची. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० आणि सहज भडकणाऱ्या नॉर्मल हेप्टेनला ० गुण देऊन ती बांधली. ९१ ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेनच्या मिश्रणाइतकं सोशिक पेट्रोल. त्यात उष्मांक किती, हा प्रश्नच वेगळा.

सिलिंडरमध्ये काय होतं ते गवताच्या गंजीवरून सांगतो. गंजीला एका टोकाला काडी लावली तर जाळ सरकत सरकत दुसऱ्या टोकाला जातो. इंजिनातही असंच व्हायला हवं. प्लगजवळ ठिणगी पडते, ज्वाला पसरत जाते, दाब चढत जातो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. पण ज्वाला पोचायच्या आत पलीकडच्या कोपऱ्यातलं मिश्रण तापून आणि दाबून एकदम पेटलं, तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात. आपण ऐकतो ती खडखड हीच. गॅरेजमध्ये याला 'नॉकिंग' म्हणतात, काही जुने मेकॅनिक 'पिंगिंग' म्हणतात. अधूनमधून थोडी झाली तर इंजिन सहन करतं. जोराची आणि रोजची झाली तर पिस्टनचा माथा खरवडला जातो, रिंगा तुटतात, हेड गॅस्केट जातं.

तो कोपरा लवकर पेटायची कारणं अनेक. पेट्रोल कमी ऑक्टेनचं असणं हे त्यातलं एक. इंजिन जास्त तापणं, आत येणारी हवा गरम असणं, मिश्रणात पेट्रोल कमी पडणं, पिस्टनवर काजळी साचून दाब वाढणं, चुकीचा प्लग बसवणं, वरच्या गिअरमध्ये गाडी ओढणं, यांपैकी कशानेही तेच होतं. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल यांतल्या प्रत्येक कारणावर पांघरूण घालतं. कारण मात्र आत तसंच राहतं.

मग पिकअप खरंच सुधारलेला का वाटतो?

'प्रीमियम टाकलं की गाडी पळते' असं म्हणणाऱ्यांना वेड्यात काढणं बरोबर नाही. बऱ्याचदा त्यांना ते खरंच जाणवलेलं असतं.

आजकालच्या बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या ब्लॉकवर एक नॉक सेन्सर असतो. ब्लॉकची थरथर तो ऐकतो आणि नॉकिंगचा सूर सापडला की ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, कळवतो. ईसीयू ठिणगी थोडी उशिरा पाडायला लागतो. त्याने नॉकिंग थांबतं, पण ताकद आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही घसरतात. म्हणजे आवाज येत नसतानाही गाडी आतून मागे खेचली जात असू शकते. अशा गाडीत प्रीमियम टाकलं की ईसीयूला ठिणगी पुन्हा योग्य वेळी पाडता येते आणि हरवलेला पिकअप परत येतो. मूळ ताकद होती तेवढीच परत मिळते, वर काही मिळत नाही. ती ताकद हरवली का, हे शोधायला हवं.

माझ्या गाडीत तर आवाज कानाला येत होता. सेन्सर असूनही आवाज ऐकू येतो याचा अर्थ ईसीयूची मागे खेचायची मर्यादा संपली होती किंवा सेन्सरच काम करत नव्हता. मला हे तेव्हा माहीत असतं तर दोन उन्हाळे गेले नसते.

काय काय करून पाहिलं

पहिल्या गॅरेजने प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, एअर फिल्टर नवा टाकला. दीड महिन्याने घाटात आवाज पुन्हा हजर. दुसरीकडे इंजेक्टर साफ करून घेतले. फरक नाही. एकाने 'टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज आहे, जुनी झाली की येतोच' म्हणून परत पाठवलं. टॅपेटचा आवाज थंड इंजिनालाही येतो, उभ्या गाडीतही येतो आणि इंजिनाच्या वेगाबरोबर टिकटिकत राहतो. नॉकिंग फक्त जोर लागला की येतं. हा फरक पक्का लक्षात ठेवा. सायलेन्सरवरचा उष्णतारोधक पत्रा सैल झाला तरी असाच आवाज येतो. तो थंड गाडीखाली हात घालून हलवून पाहता येतो, आणि ही तपासणी फुकटात होते.

मधल्या काळात ऑक्टेन बूस्टरच्या दोन बाटल्याही ओतल्या. त्या पुन्हा घेणार नाही. अशा काही मिश्रणांत मँगनीज किंवा लोखंडाची संयुगं असतात आणि त्यांचा लालसर थर प्लगवर चढतो.

एक गोष्ट मात्र समोर असून मी आवाजाशी जोडली नव्हती. मेमध्ये सिग्नलला थांबलं की एसीची हवा कोमट व्हायची आणि गाडी पळायला लागली की पुन्हा गार. एसीवाल्याने दोन उन्हाळ्यांत दोनदा गॅस भरला. ती तक्रार मी वेगळ्या वहीत लिहीत होतो आणि घाटातली खडखड वेगळ्या. रोग एकच होता.

शेवटी कसं सापडलं

मे २०२४मध्ये एक ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर घेतला. हजार रुपयांच्या आत मिळतो, स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये इंजिनाचे आकडे दाखवतो. बायकोला शेजारी बसवून आकडे वाचायला सांगितले, कारण घाटात चालवताना मोबाइलकडे पाहणं धोक्याचं. टाकीत मुद्दाम साधं पेट्रोल भरलं.

कात्रजच्या बोगद्यापर्यंत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, ९१ अंशांवर. शिरवळपर्यंत तेच. खंबाटकीत ट्रेलरमागे अडकलो आणि आकडा चढायला लागला. ९८, १०३, १०७. एकशे सातच्या पुढे गेला तेव्हा पहिली खडखड ऐकू आली. घाटमाथ्यावर १११. आणि या सगळ्या वेळात डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध, एक केसभरही हललेला नाही!

हे पाहून मी हबकलो. नंतर समजलं की बऱ्याच गाड्यांत हा काटा मुद्दाम तसा ठेवलेला असतो. साधारण ८०पासून शंभरीच्या थोडं पुढेपर्यंत तो मध्यातच राहतो, म्हणजे चालक उगाच घाबरत नाही. काटा वर सरकला की परिस्थिती आधीच गंभीर झालेली असते. ज्यांच्या गाडीत काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा आहे, त्यांना तर मधलं काहीच कळत नाही.

घरी आल्यावर गाडी सावलीत उभी करून इंजिन चालू ठेवलं, एसी लावला आणि बॉनेट उघडलं. एसी लावल्यावर काही क्षणांत रेडिएटरचा पंखा हळू वेगाने फिरायला लागला पाहिजे. तो फिरलाच नाही. बऱ्याच वेळाने, कूलंट १०४ला गेल्यावर, एकदम मोठ्या आवाजात पूर्ण वेगाने सुरू झाला.

पंख्याला दोन वेग होते. हळू वेगासाठी विजेचा प्रवाह कमी करणारा एक रेझिस्टर असतो आणि तो जळला होता. त्यामुळे पंखा फक्त शेवटच्या क्षणी, मोठ्या वेगाने धावायचा. हायवेवर गाडी ऐंशीने पळत असताना वारा आपोआप रेडिएटरमधून जातो, तिथे पंख्याची गरजच नसते. रोजचं ऑफिस सकाळी आठला आणि जेमतेम सहा किलोमीटर, त्यात इंजिन तेवढं तापायचंच नाही. घाटात ट्रेलरमागे पंचवीसच्या वेगाने, पूर्ण जोर लावून, एसी लावून चढताना मात्र सगळी भिस्त पंख्यावर. सिग्नलला एसी कोमट व्हायचं कारणही हेच, कारण एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो आणि त्यालाही हाच पंखा हवा देतो.

भर म्हणून कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत किडे, धूळ आणि पिसांचा अक्षरशः गालिचा बसला होता. बाहेरून जाळी स्वच्छ दिसायची. पंख्याची चौकट काढल्यावरच आतलं दिसलं.

प्लगही काढून पाहिले. चिनीमातीचा भाग पांढराफटक आणि त्यावर मिरपुडीसारखे बारीक काळे ठिपके. निरोगी इंजिनात तो फिकट तपकिरी असतो. पांढरा रंग आणि ठिपके ही तापण्याची आणि नॉकिंगची खूण. आधीच्या गॅरेजमध्ये प्लग काढले होते, पण काढलेले प्लग मी पाहिलेच नाहीत. तुम्ही मागून घ्या आणि उजेडात धरून पाहा. चारांपैकी एकच वेगळा दिसला तर दोष त्या एका सिलिंडरपुरता आहे, चारही सारखे पांढरे असले तर दोष सगळ्या इंजिनाचा.

दुरुस्तीला रेझिस्टर, रेडिएटर बाहेर काढून धुणं, नवं कूलंट आणि मजुरी धरून चार हजारांच्या आत खर्च आला. त्याच महिन्यात पुन्हा खंबाटकी, पुन्हा साधं पेट्रोल, पुन्हा ट्रेलर. कूलंट ९७च्या वर गेलं नाही. आवाज नाही. जूनमध्ये मुद्दाम चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून पाहिला, कारण पायथ्याशी समुद्रसपाटीजवळची दाट हवा सिलिंडरमध्ये जास्त भरते आणि नॉकिंगला ते जास्त अनुकूल. तिथेही शांत.

तुमच्या गाडीत कुठून सुरुवात करायची

दोष माझ्यासारखाच असेल असं नाही, पण क्रम हाच ठेवा, कारण स्वस्त तपासण्या आधी येतात.

पहिली तपासणी स्वतःच्या पायाची. चढावर चौथ्या गिअरमध्ये बाराशे-पंधराशे आरपीएमवर पाय दाबून गाडी ओढत असाल तर चांगलं इंजिनही तक्रार करेल. एक गिअर खाली घ्या. आवाज गेला तर पैसे खर्च करायची गरज नाही.

मग पेट्रोल. एकाच पंपाच्या टाकीनंतर आवाज येतो का, हे दोन-तीन टाक्यांत कळतं. पंपावर त्या दिवसाची घनता लिहिलेली असते आणि ग्राहकाने मागितल्यास ती मोजून दाखवावी लागते. नोंदीतल्या आकड्यापेक्षा ३ किलो प्रति घनमीटरहून जास्त फरक आला तर प्रश्न विचारा. फिल्टर पेपरवर थेंब टाकून पाहण्याचाही हक्क आहे. थेंब उडून गेल्यावर डाग राहिला तर रॉकेल किंवा डिझेलची शंका घ्यायला जागा आहे. हलक्या द्रावकांची भेसळ मात्र या कागदाला पकडता येत नाही.

त्यानंतर पंखा आणि कूलंट, वर सांगितलं तसं. इथे सावध राहा. इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, हात आणि ओढणी लांब ठेवा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. कूलंट कमी होत असेल तर नुसतं पाणी ओतत राहू नका, ते जातंय कुठे ते शोधा. थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप) अर्धवट अडकला तरी तापमान असंच चढतं. फरक एवढाच की मग पंखा नीट फिरत असूनही आकडा उतरत नाही.

यानंतर स्कॅनरवरचे कोड. पी०३२५ दिसला तर नॉक सेन्सर किंवा त्याची वायर. हा सेन्सर ठरलेल्या जोरानेच आवळावा लागतो. कुणी अंदाजाने आवळला किंवा खाली गंज असला तर तो बहिरा होतो. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. तिथे इनटेकच्या नळीला चीर, चोंदलेले इंजेक्टर किंवा थकलेला पेट्रोल पंप पाहायचा. प्लग बदललेले असतील तर त्यांचा नंबर मॅन्युअलशी ताडून पाहा. दिसायला सारखे, आटे सारखे, पण जास्त 'गरम' श्रेणीचे, म्हणजे उष्णता धरून ठेवणारे, प्लग बसवलेले मी माझ्या भावाच्या गाडीत पाहिलेत.

सगळं नीट असूनही आवाज राहिला तर काजळी. जास्त पळालेल्या आणि कायम शहरातल्या गर्दीत चाललेल्या गाडीत ती पिस्टनच्या माथ्यावर साचते. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या, इंजिनात इनटेक व्हॉल्व्हच्या मागेही साचते, आणि तिथे पेट्रोल पोचतच नसल्याने कितीही चांगल्या पेट्रोलने ती धुतली जात नाही. तिथे बोअरस्कोप (नळीच्या टोकावरचा बारीक कॅमेरा) घालून पाहणारा चांगला मेकॅनिक गाठा.

पैशांचा हिशोब

आमच्या भागात साधं १०४च्या आसपास आणि ९५चं प्रीमियम १११च्या आसपास धरू. सात रुपयांचा फरक. अ‍ॅव्हरेज १५ असेल तर हे सात रुपये वसूल व्हायला ते १६ व्हायला हवं. वर्षाला बारा हजार किलोमीटर म्हणजे ८०० लिटर आणि वर्षाला ५,६०० रुपये जास्त. दोन वर्षांत मी याच्या दुप्पट भरले आणि दुरुस्ती चार हजारांत झाली.

१०० ऑक्टेनवाल्याचा हिशोब तर वेगळाच. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२०मध्ये मथुरा रिफायनरीतून एक्सपी१०० बाजारात आणलं. सुरुवातीच्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे होती, भाव लिटरला १६०च्या घरात. साध्या गाडीत त्याची भरपाई व्हायला १५चं अ‍ॅव्हरेज २३ व्हावं लागेल. हे कोणत्याही इंजिनात होणार नाही. ते पेट्रोल उच्च कॉम्प्रेशनच्या स्पोर्ट्स गाड्यांसाठी आणि मोठ्या बाईकसाठी आहे. तिथे त्याचं काम आहे.

अमेरिकेतल्या नातेवाइकांशी बोलताना एक घोळ नेहमी होतो. माझा मावसभाऊ न्यू जर्सीहून म्हणाला, 'आम्ही तर ८७च टाकतो, तुमचं ९१ चांगलं की!' तिथे पंपावरचा आकडा वेगळ्या रीतीने काढतात, दोन चाचण्यांची सरासरी घेऊन. आपल्याकडे त्यांतल्या एकाच, जास्त येणाऱ्या चाचणीचा आकडा वापरतात. त्यांचं ८७ म्हणजे आपलं साधारण ९१-९२. त्यांचं ९१ म्हणजे आपलं ९५-९६. तिथल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१६मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या गाड्यांत प्रीमियम टाकून तपासलं आणि फायदा आढळला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी प्रीमियम 'सुचवलेल्या', पण सक्ती नसलेल्या गाड्या तपासल्या. तिथे अ‍ॅव्हरेज सरासरी २.७ टक्के आणि ताकद १.४ टक्के वाढली. फायदा खरा, पण भावातला फरक भरून निघण्याइतका नाही. तुमची टर्बो गाडी या दुसऱ्या गटातली असेल तर निर्णय तुमचा. घाटात, पूर्ण भरलेल्या गाडीत, मेच्या उन्हात मी अशा गाडीत प्रीमियम टाकेन. रोजच्या ऑफिसला नाही.

प्रीमियममध्ये इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायनं जास्त असतात, हा मुद्दा पंपावर सांगतात आणि तो खोटा नाही. पण स्वच्छता आणि ऑक्टेन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजेक्टर स्वच्छ राहावेत एवढाच हेतू असेल तर अधूनमधून एखादी टाकी पुरे.

ई२० आल्यावर काय बदललं

हा भाग लिहिल्याशिवाय ही पोस्ट अपुरी राहील, कारण २०२२चा माझा अनुभव आज जसाच्या तसा लागू होत नाही.

तेव्हा साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं. आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८च्या आसपास, त्यामुळे मिश्रणाचं ९५पर्यंत जातं. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५मध्ये हाच आकडा सांगितला. म्हणजे केवळ ९५ ऑक्टेन हवं म्हणून जास्तीचे पैसे मोजायचं कारण आता उरलं नाही. तुमच्या पंपावरच्या मशीनचा स्टिकर वाचा. प्रीमियम आहे म्हणजे इथेनॉल नाही, असं गृहीत धरू नका.

इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१०साठी जुळवलेल्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज ई२०वर ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज आहे. माझं १६चं १५ झालं. लोक ही घट पाहून प्रीमियमकडे वळतायत, आणि इथे मला मनापासून सांगावंसं वाटतं की ऑक्टेन वाढवून ही घट भरून निघत नाही. कमी ऊर्जा ही कमी ऊर्जाच. जुन्या गाड्यांतल्या काही रबरी नळ्या आणि गॅस्केट लवकर बदलावी लागू शकतात, हेही मंत्रालयाने सांगितलंय. त्यावरही प्रीमियमचा उपाय चालत नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी नळ्या दाबून पाहायला सांगा.

आता काळजीचा मुद्दा. साधं पेट्रोलच ९५चं झाल्यामुळे माझ्यासारखा जळका रेझिस्टर असलेली गाडी आज घाटात कदाचित खडखडणारच नाही. २०२२मध्ये प्रीमियमने जे झाकलं ते आता प्रत्येक टाकी झाकेल. इंजिन १११ अंशांवर चालत राहील, काटा मध्यात राहील, आवाज येणार नाही, आणि एक दिवस हेड गॅस्केट उडाल्यावर कळेल. म्हणून आवाज नसला तरी सिग्नलला एसी कोमट होत असेल तर आधी पंखा पाहा, गॅस नंतर भरा.

अ‍ॅव्हरेज मोजायचं असेल तर टाकी ते टाकी मोजा, स्क्रीनवरच्या आकड्यावर जाऊ नका. तोच पंप, तेच मशीन, नळी आपोआप बंद झाली की थांबायचं, वरून आणखी ओतायचं नाही. टायरमध्ये हवा सारखी. किमान तीन टाक्या साध्याच्या आणि तीन प्रीमियमच्या, त्याच रस्त्यावर, त्याच ऋतूत. एका टाकीवरून काढलेल्या अ‍ॅव्हरेजवर विश्वास ठेवू नका, वाहतुकीने आणि एसीनेच एक-दीड किलोमीटरचा फरक पडतो.

मे २०२५मध्ये पुन्हा कराडला गेलो. साधं पेट्रोल, दुपारचे दोन, पुढे दोन ट्रेलर. माथ्यावर कूलंट ९६. बायकोने आकडा वाचून दाखवला आणि मोबाइल पर्समध्ये ठेवून दिला. घाट उतरून चहाला थांबलो तेव्हा सवयीने बॉनेटजवळ जाऊन ऐकलं. पंखा हळू वेगाने फिरत होता.